अठरा पूर्ण झाल्यानंतरची पहिली सही

यंदा माझ्या मावसबहिणीची अभियांत्रिकीची प्रवेशप्रक्रिया सुरू झाली, तेव्हा तिने फोनवर विचारलेला पहिला प्रश्न ‘ताई, कुठली शाखा घेऊ’ हा नव्हता, तर ‘ताई, उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा काढायचा का तीन वर्षांचा’ हा होता. मला हसू आले आणि बरेही वाटले, कारण तीन वर्षांपूर्वी हा प्रश्न पडण्यासाठीच मला दोन खेटे घालावे लागले होते. तिला तासभर जे सांगितले तेच येथे तारखांसह लिहून ठेवते आहे. त्या काळातली एक दोनशे पानी वही माझ्याजवळ आहे आणि पुढे येणाऱ्या रकमा, दिवस आणि खेटे तिच्यातूनच घेतले आहेत. सरकारी शुल्क मधून मधून बदलते, त्यामुळे माझे आकडे त्या त्या दिवशीच्या पावतीवरचे समजावेत.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातले. साडेतीन एकर जिरायत जमीन, त्यात तूर आणि ज्वारी, आणि हंगाम नसेल तेव्हा अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आडत दुकानातली हिशेबाची नोकरी. आम्ही खुल्या प्रवर्गात मोडतो, त्यामुळे माझ्यासाठी दोन योजना लागू होत्या. पहिली राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, जिच्यात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून झाला असेल, तर शिक्षण शुल्काचा निम्मा भाग शासन भरते. दुसरी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, जी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे आणि जिच्यात पुण्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्याला तेव्हा वर्षाला ३०,००० रुपये मिळत होते. मावसबहिणीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर या योजनांना मागच्या आर्थिक वर्षाचा एका वर्षाचा दाखला पुरतो. तीन वर्षांचा लागतो तो मागास प्रवर्गातल्यांच्या नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रासाठी. आम्हाला हे कोणी सांगितले नाही, म्हणून आम्ही आधी चुकीचा अर्ज भरला आणि मग बरोबर.

माझी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, ऑगस्ट २०२२ मध्ये झाली आणि निकाल १५ सप्टेंबरला लागला. निकालानंतर दाखल्यांच्या मागे लागायचे, हा आमचा बेत होता आणि तो साफ चुकला, कारण तालुक्यातली सगळी बारावी पास मुले त्याच आठवड्यात सेतू केंद्रापुढे उभी होती. उत्पन्नाच्या दाखल्याला तेव्हा पावतीप्रमाणे ३३ रुपये ६० पैसे लागत. केंद्रावर माझ्याकडून शंभर घेतले गेले आणि पावती मागितल्यावर उरलेले परत मिळाले. अण्णांना माझे हे पावती मागणे आवडले नव्हते. अर्जासोबत तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि आमचे तलाठी भाऊसाहेब तेव्हा तीन सज्जे सांभाळत असल्यामुळे ते आज कुठल्या गावात बसले आहेत, हे सकाळी फोनवर विचारूनच निघावे लागे. अल्पभूधारक असल्याच्या दाखल्यासाठी सातबारा आणि आठ-अ हे दोन्ही उतारे लागतात. आम्ही फक्त सातबारा घेऊन गेलो आणि परत आलो. एकूण सहा फेऱ्या आणि एकोणीस दिवस लागले. हे सगळे दाखले निकालाची वाट न पाहता जूनमध्येच काढून ठेवावेत, एवढेच यातून सांगण्यासारखे आहे.

या सगळ्या फेऱ्यांमध्ये माझे काम फाइल धरण्याचे होते. बोलायचे अण्णांनी, सही करायची अण्णांनी, आणि खिडकीतल्या माणसाने ‘मुलीचं वय?’ असे विचारले तरी उत्तर अण्णांनीच द्यायचे. मी तेव्हा सतरा वर्षे आठ महिन्यांची होते आणि मला त्यात काही वावगे वाटत नव्हते. उलट पावसाळी ढगाखाली दुसऱ्याच्या छत्रीत उभे राहावे, तसे ते निवांत होते.

ऑक्टोबरमध्ये पुण्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. शिक्षण शुल्क ८४,००० रुपये होते. त्यातले निम्मे ४२,००० आणि वर ९,५०० इतर शुल्क असे ५१,५०० रुपये प्रवेशाच्या वेळी भरले आणि उरलेल्या ४२,००० साठी ‘शिष्यवृत्ती जमा होताच भरू’ असे हमीपत्र लिहून दिले. विकास शुल्क, ग्रंथालय, जिमखाना वगैरे गोष्टी शिष्यवृत्तीत येत नाहीत, हे त्या खिडकीसमोर उभे असतानाच कळले. अण्णांनी त्यासाठी आडत्याकडून येणाऱ्या तुरीवर ६०,००० रुपयांची उचल घेतली होती. ती तूर तेव्हा जेमतेम कळीला आली होती.

दिवाळी झाल्यावर, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी मी आंबेगावात एका खोलीत राहायला आले. पुण्यात याला ‘कॉट बेसिस’ म्हणतात, म्हणजे भाडे खोलीचे नसते, खाटेचे असते. तिघींच्या खोलीत माझ्या खाटेचे महिना ३,५०० रुपये, अनामत ७,००० आणि मेसचे दोन वेळचे २,६००. निर्वाह भत्त्यासाठी महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे प्रमाणपत्र किंवा खासगी जागा असेल तर मालकाशी केलेला करार लागतो, म्हणून मी पहिल्याच दिवशी काकूंकडे कराराचा विषय काढला. काकू म्हणजे घरमालकीण. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘तुझ्याशी कसला करार करायचा गं? तू अजून लहान आहेस.’ मला वाटले त्या मायेने म्हणत आहेत. त्या कायद्याने म्हणत होत्या. अठरा पूर्ण नसलेल्याने केलेला करार कायद्यात टिकत नाही, त्यामुळे अण्णांना पुन्हा गावाहून यावे लागले, करार त्यांच्या नावाने झाला आणि मी त्यात ‘सदर जागेत राहणार असलेली मुलगी’ या एका ओळीत आले. ही ओळ मात्र आग्रहाने घालून घ्यावी, कारण विद्यार्थ्याचे नाव करारात कुठेच नसेल तर पडताळणीत अर्ज परत येतो, असे मला वरच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितले होते आणि ते खरे निघाले. तिच्या मैत्रिणीचा अर्ज तसाच परत आला होता.

महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर दोन्ही अर्ज १२ डिसेंबर २०२२ रोजी भरून झाले. अर्ज भरताना ओटीपी यायचा तो अण्णांच्या मोबाइलवर, कारण माझ्या आधारला त्यांचाच क्रमांक जोडलेला होता. शेतात एका ठरावीक बांधावर चढल्याशिवाय त्यांच्या फोनला रेंज येत नाही. मी फोन करायची, ते बांधावर चढायचे, मेसेज येईपर्यंत बोलणे चालू ठेवायचे आणि मग चष्मा नसल्यामुळे सहा आकडे एकेक करून, मध्येच एखादा गाळून सांगायचे. तिसऱ्या प्रयत्नाला अर्ज पुढे सरकला. ‘झालं का?’ त्यांनी विचारले. ‘झालं,’ मी म्हणाले. ‘मग आठ दिवसांत येतील पैसे,’ असे मीच वर जोडले. हे मी कशाच्या आधारावर म्हणाले, ते मला आजही सांगता येणार नाही. पुढचे सहा महिने हे आठ दिवस माझ्या मागे लागले.

१७ जानेवारी २०२३ ला मला अठरा वर्षे पूर्ण झाली. मैत्रिणींनी मेसमधून वाटीभर शिरा मागून आणला. दोन दिवसांनी एटीएमवर पाचशे रुपये काढायला गेले, तर व्यवहार नाकारला गेला. दुसऱ्या एटीएमवर गेले, तिथेही तेच. मला वाटले कार्ड खराब झाले. बँकेच्या हेल्पलाइनवर वीस मिनिटे गाणे ऐकल्यावर कळले की माझे खाते अज्ञान व्यक्तीचे, म्हणजे बँकेच्या भाषेत ‘मायनर’चे होते, पालक म्हणून अण्णांचे नाव होते, आणि मी सज्ञान झाल्यामुळे नव्याने केवायसी आणि माझी नमुना सही दिल्याशिवाय त्यातून पैसे काढता येणार नव्हते. हे काम मूळ शाखेतच करायचे होते आणि पालकाचीही सही लागणार होती. वाढदिवसाच्या दिवशी जग बदलत नाही, असे म्हणतात; माझ्या खात्यापुरते तरी ते खोटे ठरले. ज्यांचे शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेले खाते असेल, त्यांनी वाढदिवसाच्या महिनाभर आधी शाखेत जाऊन काय काय लागेल ते विचारून यावे आणि हाताशी थोडी रोख ठेवावी. त्या आठवड्यात खोलीतल्या मुलीने मला ८०० रुपये उसने दिले नसते तर मेसवाल्यांना काय सांगितले असते, कोण जाणे.

गावी जायचा दिवस निवडण्यातही गंमत झाली. २६ जानेवारीला गुरुवार होता आणि बँक बंद, २८ ला चौथा शनिवार, म्हणजे बँक बंद, मग रविवार. मधला शुक्रवार तेवढा उरत होता. स्वारगेटहून रात्रीची एसटी धरली, आणि २७ ला सकाळी दहाला मी आणि अण्णा शाखेच्या दारात उभे होतो. आत एकच मॅडम होत्या आणि त्यांच्यापुढे पीकविम्याच्या चौकशीची रांग होती. आमचा नंबर साडेबाराला लागला. आधार, दोन फोटो, जुने पासबुक, अर्ज आणि पॅन कार्ड. पॅन नसल्यामुळे त्याऐवजी फॉर्म ६०. हे सगळे झाल्यावर मॅडमनी एक कार्ड पुढे सरकवले, ज्यावर तीन रिकाम्या चौकटी होत्या.

‘सही कर. तिन्हीकडं सारखी.’

मी तोवर परीक्षेच्या हजेरीपटावर आणि दाखल्यांच्या पोचपावतीवर माझे नाव लिहीत आले होते. त्याला सही म्हणावे का, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी विचारले, ‘मराठीत चालेल का इंग्रजीत?’

‘कुठलीपण चालते. पण एकदा केली की बदलायची नाही.’ मग थोडे थांबून म्हणाल्या, ‘म्हणजे बदलता येते, पण त्याला वेगळा फॉर्म असतो.’

मी मराठीत करायचे ठरवले. पहिल्या चौकटीत पूर्ण नाव लिहिले. दुसऱ्या चौकटीत नावाची वेलांटी ओळीबाहेर गेली. तिसऱ्या चौकटीत आडनावाचे फक्त पहिले अक्षर मावले. मॅडमनी कार्ड उचलून डोळ्यांजवळ धरले आणि अण्णांना म्हणाल्या, ‘ह्या तीन वेगवेगळ्या मुली आहेत.’ मागच्या रांगेतले दोघे हसले. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी काउंटरवरच्या पैसे काढायच्या पाच-सहा स्लिपा उचलल्या, मला बाकावर नेऊन बसवले आणि म्हणाले, ‘कोऱ्या बाजूवर कर. हात बसंस्तोवर.’ मी साधारण तीस वेळा माझे नाव लिहिले. विसाव्या वेळेनंतर ते माझे नाव वाटेनासे झाले आणि तिथेच कुठेतरी ती सही झाली. दुसरे कार्ड भरले, मॅडमनी शिक्का मारला. ती स्लिप वहीत अजून आहे. तिच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी भरलेली दोन हजारांची रक्कम खोडलेली आहे.

खाते सुरू झाले, पण गुंता सुटला नव्हता. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझा शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवरून त्रुटीसाठी परत आला. आमच्या अण्णांचे नाव ‘श्वर’ने संपते. दहावीच्या गुणपत्रिकेवर ते इंग्रजीत ‘डब्ल्यू’ने लिहिले होते आणि माझ्या आधारवर ‘व्ही’ने. हे दोन नावे म्हणून मोजले गेले. विद्यार्थी विभागातल्या बाईंनी मला शांतपणे सांगितले की मराठी माणसाला ते एकच नाव दिसते, पण पडताळणी करणाऱ्याला समोरच्या दोन कागदांवर एकच स्पेलिंग दिसले पाहिजे. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते. दहावीची गुणपत्रिका बदलणे फार लांबचे काम असल्यामुळे आधार दुरुस्त करायचे ठरले. त्यासाठी आधारच्या ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र भरून, त्यावर फोटो लावून, प्राचार्यांची सही आणि अर्धा फोटोवर येईल असा शिक्का घ्यावा लागला. केंद्रावर ५० रुपये शुल्क होते आणि तेवढ्याच ५० रुपयांत मी मोबाइल क्रमांकही बदलून माझा घातला. एकाच भेटीत नाव, पत्ता, मोबाइल असे जे काही बदलायचे आहे ते बदलून घ्यावे. वेगवेगळे गेलात तर प्रत्येक वेळी शुल्क आणि प्रत्येक वेळी रांग. पावतीवरचा यूआरएन, म्हणजे दुरुस्तीच्या अर्जाचा क्रमांक जपून ठेवला, अकरा दिवसांत दुरुस्ती झाली.

ज्या दिवशी पहिला ओटीपी माझ्या स्वतःच्या फोनवर आला, त्या दिवशी मी अण्णांना फोन करून तसे सांगितले. ते म्हणाले, ‘बरं झालं. बांधावरची पाऊलवाट मोडली आता.’ मला त्या वाक्याचे काय करावे ते कळले नाही.

आधार दुरुस्त झाल्यावर पॅन कार्ड आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आधारच्या आधारे दहा मिनिटांत आणि फुकट निघाले. त्यासाठी अठरा पूर्ण असणे आणि आधारला मोबाइल जोडलेला असणे एवढेच लागते. नाक्यावरच्या दुकानात याच कामाचे ३०० रुपये सांगितले होते. मतदार यादीसाठी नमुना ६ ही त्याच आठवड्यात ऑनलाइन भरला. पूर्वी अठरा पूर्ण झाली का हे ज्या दिवशी पाहतात, ती अर्हता तारीख १ जानेवारी ही एकच होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार झाल्या आहेत, त्यामुळे वर्षभर थांबावे लागत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षणाच्या ठिकाणीही नाव नोंदवता येते, पण मी गावचाच पत्ता दिला. चौकशीसाठी घरी आलेल्या बीएलओ, मतदार यादीचे काम पाहणाऱ्या, म्हणजे मला बालवाडीत शिकवलेल्या अंगणवाडीच्या बाई निघाल्या. ७ मे २०२४ ला लोकसभेसाठी मतदान केले, ते त्यांनीच शोधून दिलेल्या पानावरच्या नावाने.

याच दिवसांत महाविद्यालयात एका बँकेचे शिबिर लागले होते. शून्य शिलकीचे खाते, लगेच कार्ड आणि वर एक पाण्याची बाटली. गावच्या खात्याचा एवढा त्रास झाल्यावर जवळ एखादे खाते असावे, म्हणून मीही रांगेत उभी राहिले. फॉर्म चार पानी होता आणि जिथे जिथे त्या माणसाने पेन्सिलने फुली मारली होती, तिथे तिथे मी माझी नवी, घोटलेली सही केली. तेव्हा मला ती करायला आवडत होती, हे कबूल केले पाहिजे. वाचले काहीच नाही.

दुरुस्त अर्ज मार्चमध्ये पुढे गेला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले आणि त्यानंतरच्या माझ्या गावच्या फेऱ्या निम्म्या खर्चात झाल्या. हे पैसे वहीत मी वेगळे लिहिले आहेत, कारण त्यातूनच खोलीतल्या मुलीचे ८०० फिटले. एप्रिल गेला. घरी दर रविवारी फोन व्हायचा आणि अण्णा कधी थेट विचारायचे नाहीत. ‘बाकी काय?’ असे म्हणायचे. त्या ‘बाकी’त सगळे यायचे. मी म्हणायची, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ तूर जानेवारीत निघून, विकून, आडत्याची निम्मी उचल फिटली होती आणि निम्मी उभी होती, हे मला आईकडून कळत होते.

मेमध्ये दुसऱ्या सत्राचा परीक्षा अर्ज भरायची वेळ आली आणि कार्यालयातून सांगण्यात आले की उरलेले ४२,००० भरल्याशिवाय अर्ज घेता येणार नाही. मी हमीपत्राची आठवण करून दिली. खिडकीतले गृहस्थ म्हणाले की हमीपत्र बघून सांगतो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी अण्णांना बोलावून घ्यायचे ठरवून फोन हातात घेतला आणि लावला नाही. त्याऐवजी ग्रंथालयात बसून प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज लिहिला. त्यात योजनेचे नाव, दोन्ही अर्जांचे क्रमांक, ते कुठल्या टप्प्यावर आहेत, हमीपत्राची तारीख आणि ‘शिष्यवृत्ती जमा होताच पंधरा दिवसांत भरणा करीन’ हे वाक्य एवढेच होते. रडगाणे नव्हते. सोबत पोर्टलवरच्या स्थितीची छापील प्रत जोडली. दोन प्रती केल्या, एक आवक विभागात दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. याला पोच घेणे म्हणतात आणि ती मागायला लाजायचे नसते. ज्या माणसाला तीन दिवस माझे हमीपत्र सापडत नव्हते, त्याला ती पोच दाखवल्यावर ते दुपारपर्यंत सापडले. परीक्षा अर्ज घेतला गेला. तोंडी सांगितलेल्या गोष्टीचा मालक कोणी नसतो आणि आवक क्रमांकाला कोणीतरी उत्तर देणे लागते, एवढाच यातला फरक असावा.

मे महिन्याच्या शेवटी पोर्टलवर दोन्ही योजनांचा पहिला हप्ता दिसू लागला. तो आपोआप येत नाही, विद्यार्थ्याने लॉग-इन करून तो ‘रिडीम’ करावा लागतो. माझ्या वर्गातल्या दोघांचे हप्ते केवळ हे माहीत नसल्यामुळे महिनाभर पडून होते. मी त्याच रात्री रिडीम केला आणि गावी कळवले की आता खरोखर आठ दिवस. जूनचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. पोर्टल म्हणत होते, रक्कम वितरित. अण्णा दर तिसऱ्या दिवशी शाखेत जाऊन पासबुक छापून आणत होते आणि त्यात व्याजाच्या बावीस रुपयांशिवाय काही नव्हते. त्या दिवसांत मला झोप लागत नसे. ३६,००० रुपये नावावर निघाले आहेत आणि ते कुठेच नाहीत, ही कल्पना अठराव्या वर्षी फार मोठी वाटते.

३ जुलैला विद्यार्थी विभागातल्या त्याच बाईंनी मला विचारले, ‘दुसरं एखादं खातं काढलंयस का?’ मी नाही म्हणाले आणि मग मला ती पाण्याची बाटली आठवली. माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येते. तिथे गावच्या बँकेचे नाव नव्हते, शिबिरातल्या बँकेचे होते. पेन्सिलच्या फुल्यांपैकी एक फुली आधारशी थेट लाभ हस्तांतरण जोडण्याच्या संमतीची होती. शासनाचे पैसे खाते क्रमांकावर न जाता आधारवर जातात आणि आधार ज्या बँकेशी शेवटचे जोडले गेले तिथे पडतात. खात्याला केवायसीसाठी आधार दिलेले असणे आणि खाते असे जोडलेले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खोलीवर येऊन ट्रंकेच्या तळाचा त्या बँकेचा न फोडलेला लिफाफा फोडला, कार्ड सुरू केले. शुल्काचे २१,००० आणि भत्त्याचे १५,००० असे पैसे ९ जूनपासून तिथे पडून होते.

अण्णांना सांगणे सर्वांत अवघड गेले, कारण चूक दुसऱ्या कोणाची असती तर रागावता आले असते. मी सगळे सांगितले, न वाचता केलेल्या सह्यांसकट. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मी तर बँकवाल्याशी भांडून आलो की गं परवा.’ दुसऱ्या दिवशी ते शाखेत जाऊन मॅडमना तसे सांगून आले, हे मला आईने नंतर सांगितले. २१,००० मी पंधरा दिवसांच्या आत महाविद्यालयात भरले आणि पावती घेतली, १५,००० आडत्याकडे गेले. दुसरा हप्ता ऑक्टोबरमध्ये आला, तो कुठे येणार हे तेव्हा मला ठाऊक होते. मुलींच्या बाबतीत पुढे नियम बदलला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी मिळते. मावसबहिणीला हमीपत्राची भानगड बहुधा करावी लागणार नाही. आधार कुठल्या बँकेला जोडले आहे ते मात्र तिला मी फोन चालू असतानाच तपासायला लावले.

काकूंकडची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. अनामत परत देताना त्यांनी नळ आणि रंगाचे म्हणून १,८०० कापले. खोली घेताना भिंतींचे फोटो काढले नव्हते, त्यामुळे वाद घालण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. नव्या जागेत सामान लावण्याआधी अकरा फोटो काढले आणि ते मालकांना त्याच दिवशी पाठवले. या वेळी करार माझ्या नावाने होणार होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे मी तोवर वाचून ठेवले होते, पण मालक भले निघाले आणि त्यांनी स्वतःच एजंट बोलावला. तो लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला. दोन साक्षीदार लागतात. एक मालकांचे शेजारी होते, दुसरे अण्णा, जे माझे सामान हलवायला आले होते.

मी अकरा पाने वाचली. एजंटने दोनदा घड्याळ पाहिले. सातव्या पानावर सूचनेचा कालावधी मालकांसाठी एक महिना आणि माझ्यासाठी दोन महिने असा होता, तो दोन्हीकडे एक करून घेतला. माझा अंगठा पहिल्याच वेळी उठला. अण्णांचा उठेना. शेतात आणि पोत्यांच्या सुतळीत झिजलेल्या बोटांचे ठसे रेशन दुकानातही उठत नाहीत, हे आम्हाला नवे नव्हते, पण एजंट तरुण होता आणि तो पुन्हा पुन्हा ‘काका, दाबा, अजून दाबा’ म्हणत राहिला. उजवा अंगठा झाला, डावा झाला, तर्जनी झाली. अण्णा ओशाळून माझ्याकडे पाहू लागले. मी आत जाऊन रुमाल ओला करून आणला, त्यांची मधली बोटे एकेक करून पुसली, कोरडी केली आणि यंत्रावर ठेवली. चौथ्या बोटाला हिरवा दिवा लागला.

‘साक्षीदाराचं नातं काय लिहू?’ एजंटने विचारले. अण्णांनी उत्तर दिले नाही, ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘त्यांना विचारा. करार त्यांचा आहे.’